फोन आलेला माणूस

त्या वर्षांत वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माणसाची पत मोजायची तीन मापं होती: गाळा किती मोठा, गाडी कुठली, आणि फोन आला की नाही. पहिली दोन जुनीच. तिसरं माप नव्वदनंतर आलं आणि थोड्याच वर्षांत त्यानं आधीच्या दोघांना मागं टाकलं.

फोन म्हणजे खंडणीचा. तो समुद्रापलीकडून यायचा. बोलणारा 'भाईंकडून बोलतोय' एवढंच सांगायचा, तब्येत विचारायचा, आपली मुलं कुठल्या शाळेत जातात ते आपल्यालाच सांगायचा, आणि मग आकडा. लाखाला पेटी आणि कोटीला खोका, ही भाषा बटाटा विकणाऱ्यांनाही एव्हाना पाठ झाली होती. परदेशातला फोन असला की घंटा लांब वाजते, अशी मार्केटात पक्की समजूत होती. कुणाच्या गाळ्यात घंटा जरा लांबली, की आजूबाजूचे दहा गाळे माना वर करून बघत. घाबरून बघत, हे तर झालंच. पण त्या बघण्यात थोडी असूयाही असे, आणि ती कबूल करायला कुणी तयार नसे.

सयाजी कणसेला फोन आला नव्हता.

सयाजी पाटण तालुक्यातला. त्याचा बाप जुन्या मुंबईच्या बाजारात गोण्या वाहायचा, आणि बाजार वाशीला आला तसा बापही गोण्यांबरोबर वाशीला आला. सयाजीनं स्वतः काही वर्षं पाठीवर माल वाहिला, मग काट्यावर उभा राहिला, मग एका म्हाताऱ्या शेठची दिवाणजीगिरी केली, आणि शेवटी बटाट्याचा स्वतःचा गाळा घेतला. माथाड्याचा मुलगा अडत्या झाल्याची मार्केटात तीनच उदाहरणं होती, आणि उरलेली दोन बुडाली होती. गाळ्यात त्यानं पहिल्यांदा काय घेतलं असेल, तर फोन. त्याच्या बायकोनं, बाळाबाईनं, त्यावर घालायला लोकरीचा रुमाल विणून दिला. सयाजी रोज सकाळी आधी देवाच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळायचा, मग फोन पुसायचा. फोन वाजायचा, नाही असं नाही. इंदूरहून ट्रक सुटल्याचा फोन यायचा. मंचरचा मेव्हणा उसने मागायला करायचा. पण घंटा आखूड.

"आवं, येत न्हाई ते बरंच हाय की," बाळाबाई म्हणायची.

"तुला न्हाई कळायचं," सयाजी म्हणायचा. तिला कळत होतं. त्यालाच कळत नव्हतं की तिला कळतंय.

मार्केटात या बाबतीत सगळ्यात वर होते हरखचंदशेठ. त्यांना नुसता फोन आला नव्हता. त्यांच्यावर गोळीबार झाला होता. भर सकाळी दोन पोरं मोटरसायकलवरून गाळ्यासमोर आली आणि त्यांनी पिस्तुलं काढली. शेठ तागडीमागं खाली बसले. सगळं मार्केट पळालं. पळाला नाही तो एक माथाडी. त्याच्या पाठीवर गोणी होती, आणि पाठीवर गोणी असलेल्या माणसाला फक्त जमीन दिसते. गोळी त्याला लागली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'व्यापारी थोडक्यात बचावला'. मार्केट अर्धा दिवस बंद राहिलं. शेठ व्यापारी मंडळाचे अध्यक्ष झाले. माथाड्याची बायको रंगूबाई मार्केटात कांदे निवडायला येऊ लागली. आणि तो ज्या टोळीत होता त्या टोळीनं, म्हणजे एका मुकादमाच्या हाताखाली मिळून माल उचलणाऱ्या वीसेक माणसांनी, ठरवलं की त्याचा वाटा चालू ठेवायचा. आजारी पडलेल्याचा वाटा थांबवायचा नाही ही रीत टोळीत पहिल्यापासूनच होती. हा जरा जास्त आजारी पडला, असं त्यांनी धरलं.

खंडणीचे पैसे न्यायला तुर्भ्याहून कुलदीप यायचा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, बोलणं अदबीचं. तोही माथाड्याचाच मुलगा. बी.कॉम. झाल्यावर त्यानं पावण्यापासून तळोज्यापर्यंतच्या कारखान्यांना अर्ज केले. ज्या एकमेव संस्थेनं त्याची दखल घेतली, तिला त्यानं अर्ज केलाच नव्हता. शेठ लोक त्याला चहा पाजायचे, जे द्यायचं ते द्यायचे, आणि मग तेवढंच शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे त्याच्या मालाच्या हिशेबात, घट, तूट, सडका माल अशा नावांनी थोडं थोडं टाकून वसूल करायचे. म्हणजे खरं पाहता भाईची खंडणी जुन्नरचा कांदेवाला भरत होता. फक्त त्याला फोन येत नसल्यामुळं त्याला त्याचा मान मिळत नव्हता.

मान म्हणजे सोफा. मंडळाच्या ऑफिसात लाल रेक्झिनचा एक लांब सोफा होता. पूर्वी त्यावर जो आधी येईल तो बसायचा. पुढं पुढं फोन आलेलेच त्यावर बसू लागले, आणि बाकीचे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. असा ठराव कुणी केला नव्हता. पण फोन न आलेला माणूस सोफ्यावर बसला, की सोफाच त्याला उठवत असे.

एक दिवस मंत्र्यांना भेटायला शिष्टमंडळ न्यायचं ठरलं. विषय होता व्यापाऱ्यांची सुरक्षितता. बैठकीला सयाजी वेळेआधी गेला आणि सोफ्याच्या जितक्या जवळ जाता येईल तितकी खुर्ची सरकवून बसला.

"परवा पाछा फोन आला," लसणाचे व्यापारी वसनजी सोफ्यावरून सांगत होते. "सात पेटी. मी बोललो, भाई, लसणात आता काय राहिलंय? तर बोलतो, काय राहिलंय ते आमाला माहिती हाय."

"माहिती तर असतेच त्यांना," हरखचंदशेठ म्हणाले. मग त्यांचं लक्ष गेलं. "सयाजी, खुर्ची जरा पाठी घे ना. आमचं प्रायव्हेट चालू हाय."

सयाजीनं खुर्ची मागं घेण्यासाठी दोन्ही हात तिच्या दांड्यांवर ठेवले. तेवढ्यात त्याच्या तोंडातून शब्द बाहेर पडले. ते त्यानंही तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

"मला बी आलाय."

"काय?"

"फोन."

सगळा सोफा त्याच्याकडे वळला.

"किती?" वसनजींनी विचारलं.

सयाजीच्या मनात पाच पेट्या होत्या. माणसानं आपल्या ऐपतीत खोटं बोलावं. पण हरखचंदशेठना पंधरा सांगितल्या होत्या हे त्याला ठाऊक होतं, आणि खुर्चीच्या दांड्या अजून हातात होत्या.

"एक खोका."

"बटाट्याला?" वसनजी म्हणाले.

हरखचंदशेठनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तीस वर्षं ते सयाजीला ओळखत होते, पण असं बघायची वेळ आली नव्हती. "मग? तू काय बोलला?"

"म्हणलं, बघू. बोलणी चालू हायत."

"हां. बोलणी तर करायलाच लागते," शेठ म्हणाले, आणि सोफ्यावर थोडे सरकले. रेक्झिन चर्र वाजलं. सयाजी बसला.

त्यानंतरचे दिवस सयाजीच्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. शिष्टमंडळात त्याचं नाव गेलं. पोलिसांनी जबाब घेतला. आवाज कसा होता, असं साहेबांनी विचारलं, तेव्हा 'सर्दी झाल्यागत' असं त्यानं सांगितलं, आणि ते इतकं खरं वाटलं की साहेबांनी ते दोनदा लिहून घेतलं. आठवड्याभरात संरक्षण मिळालं. संरक्षणाचं नाव होतं नामदेव. हा कऱ्हाडकडचा पोलीस शिपाई, लांब नळीची जुनी बंदूक घेऊन गाळ्यात बटाट्याच्या गोण्यांवर बसायचा आणि बाळाबाईच्या हातची भाकरी आणि खर्डा खाल्ला की तिथंच आडवा व्हायचा. बंदुकीत गोळी होती की नाही, हे विचारणं शिष्टाचारात बसत नव्हतं.

पण मागून बंदूकवाला चालत असला की माणसाची पावलं आपोआप सावकाश पडतात. सयाजी मार्केटातून असा चालायचा की जणू प्रत्येक गाळा त्याला आतून नमस्कार करतोय. शेतकऱ्यांचा माल वाढला. ज्याला खोका मागतात त्याचं दिवाळं निघणार नाही, असा त्यांचा हिशेब. पुतण्याच्या लग्नाला तो नामदेवाला घेऊन गावी गेला, तर नवरानवरीपेक्षा नामदेवाच्या बंदुकीबरोबर जास्त जणांनी फोटो काढले. भावकीतला एक म्हातारा बंदुकीवरून हात फिरवून म्हणाला, "कणशांच्या घरात असं कुनाचं झालं नव्हतं."

एकटा कृष्णात खूश नव्हता. कृष्णात टोळीचा मुकादम. सयाजीच्या बापाबरोबर त्यानं माल वाहिला होता, त्यामुळं सयाजीला शेठ म्हणणं त्याला कधी जमलं नाही.

"सया, तुझा बा गोणी घिऊन फिरायचा. तू बंदूक घिऊन फिरतूस व्हय?"

"म्या कुठं? नामदेव उचलतोय की."

"मग वाराई देतूस का त्येला? का फुकाट उचलाय लावलंय?" वाराई म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी. कृष्णातला जगात सगळीकडे तीच दिसायची.

सयाजी हसला आणि पुढं गेला. फोन आलेल्या माणसानं सगळ्यांना उत्तरं द्यायची नसतात.

वार्षिक सत्यनारायणाच्या पूजेच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना, कुलदीप गाळ्यात आला. नामदेव जेवून गोण्यांवर झोपला होता. कुलदीपनं त्याच्याकडे पाहिलं, आवाज खाली केला, आणि सयाजीच्या पाया पडला.

"काका, एक विचारू? तुम्हाला फोन कोणी केला?"

सयाजीनं नामदेवाकडे एक नजर टाकली. "म्हंजे? तुमीच की."

"आम्ही नाही केला."

गोण्यांवर नामदेवानं कूस बदलली.

"काका, टेन्शन समजून घ्या माझं. वरून मला विचारतात, कणसेकडे खोका मागितला, तो कुठाय? मी म्हणतो, मागितलाच नाही. ते म्हणतात, सगळं मार्केट बोलतंय, पोलिसांनी गार्ड दिलाय, बोलणी चालू आहेत. म्हणजे तूच आमच्या नावावर मागितलास आणि तूच खाल्लास. आमच्या लाइनीत खाल्लेल्या माणसाला नोटीस पिरियड नसतो."

"पर मला आला नसंल कशावरनं? दुसऱ्या कुनी..."

"काका, तुमचं नाव लिस्टमध्येच नव्हतं." कुलदीपला वाईट वाटत होतं, हे दिसत होतं. "मी स्वतः एकदा सुचवलेलं. म्हटलं, आपल्याकडचा माणूस आहे, बरं चाललंय त्याचं, मान राहील. वरून म्हणाले, कोण कणसे?"

नोटीस पिरियडचं सयाजीला तितकं लागलं नव्हतं, जितकं हे लागलं.

"दोन रस्ते आहेत," कुलदीप म्हणाला. "पूजेला तुमचा सत्कार आहे, माइक हातात येईल. सरळ सांगा, फोन आला नव्हता, गैरसमज झाला. मी सुटलो. नाहीतर खोका द्या, मी वर पाठवतो. तिसरं काही असेल तर ते मला झेपणार नाही, आणि तुम्हालाही. ते माझं ऐकत नाहीत काका. हरखचंदशेठच्या वेळीही मी म्हटलं होतं, गर्दीत नको." तो उठला. जाताना त्यानं फोनवरचा वाकडा झालेला रुमाल सरळ केला.

सयाजीकडे खोका नव्हता. गाळा, कोपरखैरण्याचं घर, बाळाबाईच्या बांगड्या आणि नामदेवाची बंदूक सगळं विकलं असतं तरी झाला नसता. आणि माइकवर सांगायचं म्हणजे सोफा गेला, शिष्टमंडळ गेलं, पोलिसांना खोटा जबाब दिला म्हणून वर केस. उरलेलं आयुष्य मार्केटात 'एक खोका' या नावानं हाका. पोरं तर लगेच सुरू करतील.

संध्याकाळी जेवायच्या आधीच त्यानं बाळाबाईला सांगून टाकलं. ती लसूण सोलत होती. हात थांबले नाहीत.

"मला ठावं हुतं," ती म्हणाली. "डबा घिऊन रोज मी गाळ्यात. घंटा लांबली आसती तर मला ऐकू आली नसती व्हय?"

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी किती दिसांनी खूश हुता." तिनं एक पाकळी निवडून बाजूला टाकली. "त्ये खोटं बोललात त्येचं काय न्हाई. खोटं कोन बोलत न्हाई? पर माझ्या मनाला दुसरंच लागलंय."

"काय?"

"आवं, खोटंच बोलायचं हुतं, तर 'बोलणी चालू हायत' कशापायी म्हणला? 'म्या न्हाई म्हणलो' असं का न्हाई बोलला? खोटं तुमचं, जीभ तुमची, भाई बी तुमीच बोलिवलेला. तरी त्येच्यापुढं वाकलात. खऱ्यातला भाई पुढं आल्यावर मानूस वाकला, तर एकवेळ समजू. तुमी मनातल्याला भिला."

सयाजीनं सोललेल्या लसणाची वाटी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

पूजेच्या दिवशी गाळ्यांच्या दोन रांगांमध्ये मांडव पडला होता. चौरंग, केळीचे खांब, शिऱ्याचा वास, आणि पुढं, मंडळाच्या ऑफिसातून उचलून आणलेला लाल सोफा. आरती झाली. हरखचंदशेठनी माइक घेतला. स्वतःवरच्या गोळीबाराची हकीकत थोडक्यात सांगितली. ती दर वर्षी थोडी लांबत होती. मग सयाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ज्याला एक खोक्याचा फोन आला तरी जो गाळा बंद करून गावाला नाय पळाला, असा आपला धाडसी व्यापारी." शाल, श्रीफळ, टाळ्या. माइक सयाजीच्या हातात आला.

मांडवाच्या शेवटी, खांबाला टेकून, कुलदीप उभा होता. हात जोडलेले. देवाला की सयाजीला, ते सांगता येत नव्हतं.

सयाजीनं ठरवून आणलं होतं. 'मंडळी, एक गैरसमज झाला' असं सुरू करायचं, हसत हसत सांगायचं, आणि खाली उतरून सरळ घरी जायचं. त्यानं घसा साफ केला. माइक किरकिरला.

तेवढ्यात त्याला गोळी लागलेल्या माथाड्याची बायको, रंगूबाई, दिसली. ती प्रसादाचे द्रोण वाटत रांगेतून मागं चालली होती. एकेकाला द्रोण देत ती खांबापाशी आली आणि तिनं कुलदीपपुढं द्रोण धरला. तो कोण, कुणासाठी काम करतो, हे तिला माहीत होतं. मार्केटात सगळ्यांनाच माहीत होतं. पण प्रसाद देताना माणूस बघायचा नसतो. कुलदीपनं तो उजव्या हातानं घेतला, कपाळाला लावला. रंगूबाई पुढच्या माणसाकडे वळली.

"मंडळी," सयाजी म्हणाला, आणि थांबला. "मी तुमच्याशी खोटं बोललोय."

कुलदीपनं सुटकेचा श्वास टाकला. तो इतक्या लांबूनही दिसला.

"बोलणी चालू हायत, असं मी म्हणलो हुतो. त्ये खोटं. कसली बोलणी न्हाईत. माझ्याकडं एक खोका मागितला तर मी न्हाई म्हणलो. एक रुपाया दिलेला न्हाई आनि देनार बी न्हाई."

मांडवात सांडशी पडली असती तरी ऐकू आली असती. आचाऱ्याच्या हातून ती खरंच पडली.

"खोटं वाटत आसंल, तर त्यो कुलदीप हितंच हुबा हाय. त्येला इचारा. काय रं, दिलाय का म्या?"

सगळं मार्केट मागं वळलं. कुलदीप द्रोण हातात धरून उभा होता. महिनाभर हीच एक गोष्ट कुणीतरी चारचौघांत विचारावी म्हणून तो तडफडत होता. तो घाईघाईनं, मनापासून, अगदी मोठ्यानं म्हणाला, "नाही. आईशप्पथ. एक पैसा मिळालेला नाही."

मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि त्या पुढच्या सोफ्यावरून नाही, मागून, कृष्णातच्या टोळीकडून येत होत्या. माथाड्यांच्या टाळ्या पोतं आपटल्यासारख्या वाजतात. सयाजी त्या ऐकत उभा राहिला. शाल खांद्यावरून घसरली, ती त्यानं सावरली नाही. आयुष्यात त्याला बरेच मान मिळाले होते, त्यातले बरेचसे त्यानंच मिळवून घेतले होते; हा कुठून आला, त्याला नीट कळेना. बाळाबाई बायकांत बसली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर नीट केला, जसा ती पाहुण्यांपुढं करायची.

पुढं जे झालं ते तर्कशास्त्राला धरूनच झालं. मार्केटानं विचार केला. सयाजी कणसेनं एक खोका नाकारला. वसुलीवाल्यानं ते सर्वांसमक्ष शपथेवर सांगितलं. सयाजी जिवंत आहे; उलट थोडा सुटलाय. मग आपण सात पेट्या कशाच्या देतोय? वसनजींनी आधी 'बोलणी चालू' ठेवली, मग बोलणीही थांबवली. बाकीच्यांनी लसणाकडे बघून ठरवलं. हरखचंदशेठ मात्र गुपचूप देत राहिले, पण तेही बाहेर 'मी दिला नाय' असं सांगायला लागले, कारण आता मान न देण्याला होता. सोफ्यावर आपला हक्क कुठल्या बाजूनं सांगावा हे कुणालाच कळेना, आणि शेवटी त्यावर पुन्हा जो आधी येईल तो बसू लागला.

कुलदीप एकदा येऊन गेला. तब्येत उतरली होती. "काका, मला वाचवलंत, ते खरं," तो म्हणाला. "पण धंदा बसवलात. आता वर तुमचं नाव सगळ्यांना माहितेय."

"बघ," सयाजी म्हणाला. आवाजात समाधान आणि भीती दोन्ही होती. नक्की कुठलं जास्त, ते त्यालाही ठरवता आलं नसतं.

फोन आला तो मंगळवारी सकाळी. गाळ्यासमोर इंदूरचा ट्रक लागला होता, कृष्णातची टोळी माल उतरवत होती, रंगूबाई शेजारच्या गाळ्यापुढं कांदे निवडत होती. घंटा वाजली आणि लांबली. आजूबाजूच्या दहा गाळ्यांच्या माना वर झाल्या. नामदेव जागा झाला.

सयाजीनं रुमाल काढला, घडी केली, बाजूला ठेवला. एवढे महिने हा फोन कसा घ्यायचा याची त्यानं तालीम केली होती. ती सगळी विसरायला झाली.

"हॅलो."

पलीकडच्या आवाजाला सर्दी झालेली नव्हती. चांगला स्वच्छ आवाज होता. त्यानं तब्येत विचारली. बाळाबाई डबा घेऊन किती वाजता येते ते सांगितलं. सयाजी ऐकत राहिला. माथाड्यांचं काम थांबलं होतं. पाठीवर गोण्या तशाच घेऊन चारदोन जण वाकून उभे होते. मग आवाजानं आकडा सांगितला.

"किती?" सयाजीनं विचारलं.

आवाजानं परत सांगितला.

सयाजी फोनकडे बघत राहिला. मग ताठ उभा राहिला. कानशिलं तापली. हरखचंदशेठनी खुर्ची मागं घ्यायला सांगितली होती तेव्हाही ती इतकी तापली नव्हती.

"दोन पेट्या?" तो म्हणाला. "मोठ्यानं बोला, हितं समदी ऐकत्यात. दोन? आरं, एक खोक्याला न्हाई म्हणलेला मानूस हाय मी. दोन पेट्याला व्हय म्हणू? काय तोंड दाखवू लोकांना? न्हाई. न्हाई मिळायचं. ठेवतो."

त्यानं ठेवला. रुमाल परत घातला, चारी कोपरे सारखे केले.

"कोन हुतं?" कृष्णातनं विचारलं.

"त्येच."

"खरंच?"

"आता खरंच."

"किती म्हणला?"

सयाजीला खोटं बोलता आलं असतं. सगळे कान लागले होते. "दोन पेट्या."

"फकस्त?"

"भाव पडलाय," सयाजी म्हणाला.

कृष्णात हसला नाही. तो रस्त्याकडे बघत होता, जिथून गोळीबाराच्या सकाळी मोटरसायकल आली होती. रंगूबाईनं हातातला कांदा खाली ठेवला होता आणि तीही तिकडेच बघत होती. मग कृष्णातनं खांद्यावरचं फडकं झटकलं आणि टोळीकडे वळला.

"आजची थप्पी गाळ्याच्या आत नगं. तोंडाला लावा. मान्साच्या वर जाऊ द्या."

काही न विचारता गोण्या यायला लागल्या. पहिला थर लागला, त्यावर आडवा दुसरा, मग तिसरा. इंदूरच्या बटाट्याची भरलेली गोणी आपल्यातून काही पलीकडे जाऊ देत नाही, हे तिथल्या कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. नामदेवानं आपली बैठक उचलली आणि थप्पीच्या आतल्या बाजूला मांडली. गाळ्यात अंधार होत चालला. सयाजी आत बसून बघत होता. भिंत त्याच्या छातीपर्यंत आली, मग हनुवटीपर्यंत.

"कृष्णात," तो उठून म्हणाला. "मधी फट ठेव."

"कशाला? गोळी यायला?"

"फट ठेव," सयाजी म्हणाला. "गिऱ्हाइकाला मी दिसलो पायजे."